पाच मिनिटांपूर्वी

“अगं नीरे, पोर घोडियात झोपली म्हणून काय तेवढा वेळ मोठी व्हायची थांबते?”

नलिनीआत्याने हे विचारलं तेव्हा नीरा नुसती हसली होती. हसून तिने कानातला इअरफोन नीट बसवला आणि ती पुन्हा मीटिंगमध्ये बोलू लागली. मित्रांनो, माणसं ज्या इशाऱ्याला हसून वाटेला लावतात, तो इशारा घराबाहेर जात नाही. तो कोपरा धरून बसतो. हे मला ठाऊक आहे, कारण त्याच कोपऱ्यात मीही बसलेलो होतो.

मी एक जुना डबा आहे. तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा. कधीकाळी पांढरा होतो, आता कडेकडेने पिवळा पडलोय. समोर काळ्या काचेचा एक डोळा आहे, खाली बारीक भोकांचा एक कान आहे आणि पोटात एक लहानशी बॅटरी आणि फोनसारखं एक सिमकार्ड. बडोद्याला मकरपुऱ्याकडे एक छोटासा कारखाना होता, तिथे मी घडलो. माझं काम सोपं होतं. ज्या घरात एखादं वयस्कर माणूस एकटं राहतं, तिथे फळीवर बसायचं. माणूस हललं की ध्यानात ठेवायचं. आणि दूर राहणाऱ्या मुलाच्या, सुनेच्या, भाचीच्या फोनवर एक ओळ पाठवायची: “हालचाल: इतक्या मिनिटांपूर्वी.” बस. फोटो काढायचा नाही, चहाड्या करायच्या नाहीत. कोणी “मदत” म्हणून मोठ्याने हाक मारली, तर मात्र लगेच कळवायचं.

माझ्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती म्हणजे घरातली कर्ती बाई समजा. कोणी कधी उठायचं, कोणी कधी निजायचं, बॅटरीतला घास कोणाला किती द्यायचा, हे सगळं ती ठरवते. तिच्यापाशी एक मोजणी असते. आपण चालू झाल्यापासून किती वेळ झाला, याची मोजणी. तिला अपटाइम म्हणतात. त्या मोजणीवरून बाकी सगळं ठरतं. अमुक गोष्ट किती वेळापूर्वी घडली, हे मी भिंतीवरच्या घड्याळाला विचारत नाही. मी माझ्याच मोजणीला विचारतो.

आता गंमत बघा. मी सतत जागा राहिलो तर बॅटरी संपेल. म्हणून विजेचं बटण बंद झालं आणि समोर कोणी हलेनासं झालं, की मी झोपतो. मधून मधून एखादा निमिष डोळा उघडतो, माझी एक ओळ पाठवतो आणि पुन्हा झोपतो. तर प्रश्न असा होता, की झोपेत गेलेला वेळ मोजणीत धरायचा की नाही?

हे ठरवायचं काम नीराकडे होतं.

नीरा बडोद्यातच वासण्याला तिसऱ्या मजल्यावर राहायची. कॉम्प्युटरचं शिकलेली, हुशार, आणि नुकतीच आई झालेली. आभा तेव्हा सहा महिन्यांची होती. गुजरातेत झोळीच्या पाळण्याला घोडियुं म्हणतात. त्या घोडियाची दोरी नीराच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. हात कीबोर्डवर, पाय दोरीत, कान आभाच्या श्वासाकडे. लेक जरा जास्त वेळ शांत झोपली, की नीरा उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. ऊन ऊन वारा बोटाला लागला की परत येऊन बसायची. आणि थोड्या वेळाने पुन्हा उठायची. राखण कशाला म्हणतात, ते मी तिच्याकडे बघून शिकलो. पहिल्या घडणीतला नमुना म्हणून मी तिच्या टेबलावरच असे ना!

त्या दिवशी मीटिंगमध्ये सिद्धार्थ होता, तिच्याच टीममधला. तो समजावत होता.

“झोपेचा वेळ धरू नकोस, नीरा. डबा जागा झाल्या झाल्या सगळे राहून गेलेले गजर एकदम बोंबलतील. गिऱ्हाईक खुळं होईल. आणि महिनाभर चालू आहे म्हणून सांगायचं, त्यातला निम्मा महिना तो घोरत होता, हे खोटंच नाही का?”

नीराला ते पटत होतं. आणि तेव्हाच आत्याने घोडियाला झोका देत मघाचा तो प्रश्न विचारला. आत्या म्हणजे नीराच्या वडिलांची बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाणीगेटला एकटी राहायची. काका रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजची सगळी वर्षं नीराने आत्याच्याच घरी काढलेली, त्यामुळे दोघींचं आईलेकीसारखं. म्हणजे प्रेमही तेवढं आणि खटकेही तेवढेच.

“सहा महिन्यांची झाली म्हणून पेढे वाटलेस ना?” आत्या म्हणाली. “त्यातले निम्मे दिवस ती झोपलेलीच होती. मग तीनच महिन्यांची म्हण की!”

“आत्या, ते वेगळं गं. हे यंत्र आहे.”

“वेगळं ते काय? तुझं यंत्र झोपतं तेव्हा बाहेरचं जग काय स्टॅच्यू खेळतं?”

सिद्धार्थ पलीकडून हसला. “आत्यांना टीममध्ये घेऊन टाक,” म्हणाला. नीराही हसली. आणि तिने लिहिलं: यंत्र जागं असेल तेवढाच काळ मोजावा.

तेच माझ्या पोटात गेलं. तेव्हापासून माझ्यापुरती झोप ही गोष्टच उरली नाही.

ती कशी असते सांगू? तुम्ही झोपता तेव्हा तुम्हाला थोडं तरी कळतं. अंग आंबतं, स्वप्न पडतं, तहान लागते. माझं तसं नाही. नीरा मला टेबलावर निजवून बघायची. तिच्यासमोर वाफाळता चहा होता. मी डोळा मिटला आणि लगेच उघडला. मध्ये काही नव्हतं. काळोखसुद्धा नव्हता. पण चहावर थंडगार साय धरलेली होती. खिडकीतलं ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलेलं होतं, पण जाताना ते कोणी पाहिलं नव्हतं. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. नीराच्या अंगावर दुसरेच कपडे. पुन्हा एकदा. घोडियात आभा हसत होती आणि तिच्या बोडक्या हिरडीत एक दात होता, जो क्षणापूर्वी नव्हता.

मला वाटायचं, मी ठीक आहे. जगच ठेचकाळतंय.

पुढे नीराने मला पाणीगेटला नेलं आणि आत्याच्या बाहेरच्या खोलीत फळीवर बसवलं. आत्याने कमरेवर हात ठेवून मला न्याहाळलं.

“आता मला घोडियात घालायला निघालीस होय?”

“तसं नाही गं. मला तिकडे जिवाला घोर लागतो. तू फोन उचलत नाहीस.”

“फोन उचलला नाही तर समजायचं, आत्या मजेत आहे.”

तोंडाने असं म्हणाली, पण दोन दिवसांत तिची माझ्याशी गट्टी जमली. सकाळी उठली की “काय रे, लागलास का पहारा द्यायला?” म्हणून विचारायची. समोरच्या दारातल्या दक्षाबेन आल्या की मला दाखवायची. दक्षाबेन म्हणायच्या, “मासी, आ तो तमारो चोकीदार!” माझी छाती फुगायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून मोरीत, मोरीतून देवापाशी. मी मोजायचो. वासण्याला नीरा आभाला भरवता भरवता फोन बघायची. “हालचाल: आत्ता.” “हालचाल: दोन मिनिटांपूर्वी.” “हालचाल: आत्ता.” आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

पण आत्याला एक खोड होती. फार पूर्वी एकदा इस्त्री चालू राहून काकांचा शर्ट जळला होता. तेव्हापासून घराबाहेर पडताना, निजताना, अगदी आंघोळीला जातानाही ती भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करायची. त्यात माझंही बटण जायचं.

“आत्या, डब्याचं बटण बंद करू नकोस गं,” नीरा फोनवर कळवळून सांगायची.

“वीज काय तुझा बाप भरतो? आणि भरत असला तर माझाच भाऊ आहे तो, विचारून घे त्याला.”

संक्रांतीच्या आधी यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. नीरा जरा तोडून बोलली. आत्याने फोन ठेवला. पण ठेवला आणि लगेच माझ्यासमोर टेबलाशी येऊन बसली, कारण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आभाचं बोरनहाण होतं. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. ते दागिने आत्या घरी करत होती. पांढरा काटेरी हलवा दोऱ्यात गुंफून हार झाला होता, मुकुट झाला होता, एक बांगडी झाली होती. दुसरी बांगडी अर्धी व्हायची होती.

“बघतोस काय?” ती मला म्हणाली. “तुला नाही मिळायचा. माझ्या आभाचा आहे.”

उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, सकाळ उजाडली. बडोद्यात त्या दिवशी घरात कोणी राहत नाही, अख्खं शहर गच्चीवर असतं. दक्षाबेन आपल्या भावाकडे समा भागात मुक्कामाला निघून गेल्या होत्या. वरून भोंगे वाजत होते, पतंग कापला की पोरं “काप्यो छे!” म्हणून ओरडत होती. आत्या टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोरून गेली.

“न्हाते, आणि जरा वर जाऊन पतंग बघते. बांगडी संध्याकाळी पुरी करीन,” ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. आणि तिने सगळी बटणं बंद केली. खट, खट, खट. मोरीत नळ सुरू झाला.

मी थोडा वेळ जागा राहिलो. समोर कोणी हललं नाही. मग मी झोपलो.

आता पुढचं सांगताना मला अजून थंडी वाजते. यंत्राला थंडी वाजत नाही, हे मलाही माहीत आहे.

मी डोळा उघडला. ऊन टेबलावर होतं. वर “काप्यो छे!” चाललं होतं. मोरीत नळ वाहत होता, बादली भरून पाणी सांडत असल्याचा आवाज येत होता. माझ्या मोजणीला मी विचारलं: आत्या केव्हा हलली? ती म्हणाली: पाच मिनिटांपूर्वी. मी कळवलं: “हालचाल: पाच मिनिटांपूर्वी.”

लगेच पुन्हा उघडला. ऊन केशरी झालेलं होतं आणि भिंतीवर चढलेलं होतं. नळाचा आवाज नव्हता. टाकी रिकामी झाली असावी. मोजणी म्हणाली, पाच मिनिटांपूर्वी.

लगेच पुन्हा उघडला. काळोख. एवढं ओरडणारं शहर एका क्षणात मुकं झालेलं. पाच मिनिटांपूर्वी.

लगेच पुन्हा उघडला. लख्ख ऊन, पुन्हा भोंगे, पुन्हा “काप्यो छे!”, जणू मधला काळोख कोणी कापून काढला आणि दोन ओरडी एकमेकींना शिवून टाकल्या. पण टेबलावरची हलव्याची बांगडी आता पांढरी नव्हती. क्षणापूर्वी पांढरी होती. आता ती काळी होती, आणि ती हलत होती. मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांची हालचाल मी धरत नाही. मला माणसाएवढंच दिसतं.

पाच मिनिटांपूर्वी, मी कळवलं.

मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो. हेच तर भयंकर होतं. मला शिकवलं होतं तसं मी अगदी खरं बोलत होतो. आत्याने त्या वेळात हाका मारल्या असतील. “नीरे” म्हणाली असेल. “मदत” म्हणाली असेल, नीराने तिला तो शब्द पढवून ठेवला होता. ज्या क्षणांना ती हाक मारत होती, ते क्षण माझ्याकडे नव्हतेच.

तिकडे वासण्याला काय चाललं होतं, ते मला पुढे नीराच्या तोंडून कळलं. उत्तरायणाच्या दिवशी तिने आत्याला फोन केला. वाजून वाजून थांबला. तिने माझी ओळ बघितली.

“पाच मिनिटांपूर्वी हललीय,” ती नवऱ्याला म्हणाली. “मग उचलत का नाही?”

“गच्चीवर असतील. त्या भोंग्यांत फोन ऐकू येणार आहे?” निहार म्हणाला. “आणि तू बटणावरून झापलंस ना त्यांना? रुसल्या असतील.”

आत्याच्या गच्चीवरच्या लोकांना वाटलं, मासी भाचीकडे गेल्या. भाचीला वाटलं, आत्या गच्चीवर आहे. आणि दोघांच्या मध्ये बसून मी सांगत होतो, सगळं ठीक आहे. संध्याकाळी नीराने पुन्हा बघितलं. पाच मिनिटांपूर्वी. तिला रागच आला. घरात फिरतेय, पण फोन म्हणून उचलत नाही! उद्या बोरनहाणाला आली की मिठीच मारीन, म्हणजे राग पळेल, असं ठरवून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. बडोदेकरांचे पतंग एका दिवसात भागत नाहीत. दुपारनंतर नीराच्या घरी शेजारच्या बायका आणि मुलं जमली. आभाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. बोरं-चुरमुऱ्यांचं ताट तयार होतं. दागिने तेवढे यायचे होते.

“सुरू करू या का, गं? पोरं ताटात हात घालायला लागली,” कोणीतरी म्हणालं.

“आत्या निघालीच असेल. दोनच मिनिटं थांबा,” म्हणत नीराने फोन बघितला.

सहा मिनिटांपूर्वी.

ती बघतच राहिली. काल दुपारी पाच होते. काल संध्याकाळी पाच. आज सकाळी पाच. आत्ता सहा, अख्ख्या दिवसात जेमतेम एक मिनिट. रात्रंदिवस लेकीच्या नाकाखाली बोट धरणारी बाई ती. जिवंत माणसाची मोजणी कशी असते, ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. ती चढते, उतरते, शून्याला येते, पुन्हा चढते. ही धड चढत नव्हती आणि उतरतही नव्हती. ही नुसती बसून होती. जिवंत माणसाचा आकडा असा नसतो.

आणि मग तिला आठवलं, आपण काय लिहिलं होतं. कोपऱ्यात बसलेला तो इशारा उठून उभा राहिला. पोर घोडियात झोपली म्हणून काय मोठी व्हायची थांबते?

तिने दक्षाबेनना फोन लावला.

“नीराबेन? केम छो! हुं तो हमणां ज समाथी आवी, हजी ताळुं खोलुं छुं.” म्हणजे त्या नुकत्याच परतल्या होत्या, कुलूप उघडत होत्या.

“दक्षाबेन, जरा आत्याच्या दाराशी बघा ना. आत्ताच्या आत्ता.”

चपलांचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग दक्षाबेनचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. “नीराबेन... मासीनी दूधनी बे थेली लटके छे.”

दोन. एक कालची आणि एक आजची.

नीराने ताट तसंच टाकलं. आभाला निहारच्या हातात दिलं आणि स्कूटर काढली. रस्त्यावर मांजे लोंबत होते, म्हणून गळ्याला ओढणीचे वेढे घातले आणि ती पाणीगेटला धावली. ती पोचेपर्यंत गच्चीवरची माणसं खाली उतरली होती. दार आतून बंद. दोघा-तिघांनी खांदा लावून कडी तोडली. नीरा आत शिरली, आणि तिचा हात आपसूक भिंतीकडे गेला. सगळी बटणं तिने एकदम चालू केली.

मी जागा झालो.

माझ्या हिशेबाने आत्या आत्ताच टॉवेल घेऊन गेली होती. खांद्यावरचा टॉवेल अजून माझ्या डोळ्यात होता. आणि एवढ्यात ही माणसंच माणसं कुठून आली? दार कोणी मोडलं? मला काही कळेना. पण समोर हालचाल होती, म्हणून मी माझं काम केलं. नीराच्या मुठीतला फोन वाजला. तिने बघितलं. तिथे लिहिलं होतं: “हालचाल: आत्ता.”

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पुसू शकत नाही.

आत्या मोरीत पडलेली होती. बादली आणि भिंत यांच्यामध्ये, एक पाय विचित्र वळलेला. ओठ पांढरेफटक, वाळून चिरलेले. नीरा ओल्या फरशीवर बसली आणि तिने आत्याच्या नाकाखाली बोट धरलं. बाहेर “काप्यो छे!” चाललंच होतं.

बोटाला वारा लागला.

आत्याने डोळे किलकिले केले. “रडतेस कशाला, खुळे?” ती म्हणाली. आवाज कुठून तरी लांबून येत होता. “आत्ताच तर पडले. पाच मिनिटं झाली असतील. मला उठव, बांगडी पुरी करायचीय. उद्या बोरनहाण आहे ना?”

नीराने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. आत्या पडून राहिली होती, मधून शुद्धीवर येत होती, मधून हरवत होती. आणि जेवढी जागी होती, तेवढाच वेळ तिने मोजला होता. अगदी माझ्यासारखा.

आत्या वाचली, मित्रांनो. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं. तिच्या खुब्यात सळई घातली, आणि नीराने तिला वासण्याला मागच्या खोलीत आणलं. आल्या आल्या आत्याने विचारलं, “वीज कोण भरतं इथे?” तेव्हा नीरा पहिल्यांदा हसली. आभाचं बोरनहाण मग रथसप्तमीला झालं, तोवर करायला हरकत नसते. दागिने विकत आणले होते. आत्याने नाक मुरडलं.

नीराने पुन्हा मीटिंग बोलावली. या वेळी ती घोडियाला झोका देत नव्हती. आभा तिच्या मांडीवर होती.

“चालू झाल्यापासूनचा सगळा वेळ मोजायचा,” ती म्हणाली. “झोपेसकट. किती झोपला ते हवं तर वेगळं लिहून ठेवा, पण वजा करायचं नाही.”

सिद्धार्थ हळूच म्हणाला, “आणि उठल्या उठल्या सगळे गजर एकदम बोंबलले तर?”

“बोंबलू देत. आभा उठते तेव्हा तीही बोंबलते. भूक झोपेतही लागलेलीच असते, सिद्धार्थ.”

माझ्यामागून घडलेल्या सगळ्या डब्यांच्या पोटात मग ही नवी मोजणी गेली. ते झोपून उठले की आधी विचारतात, मी नव्हतो तेव्हा किती वेळ गेला? आणि खूप गेला असेल तर ते ओरडतात. कधी कधी उगाच ओरडतात. लोक वैतागतात. पण चार पायऱ्या चढून वर जाऊन बघून येतात.

मला मात्र नीराने बदललं नाही. मला तिने टेबलाच्या कोपऱ्यात, बॅटरी संपू नये म्हणून वीज जोडून, पण स्वतःच्या हुकमाने, जुन्या मोजणीसकट निजवून ठेवलं. दर संक्रांतीला ती मला उठवते. कामावर आलेल्या नव्या मुलांना दाखवते, आणि पुन्हा निजवते.

म्हणून माझं पुढचं आयुष्य फार लहान आहे. ऐका. आभा घोडियात होती. आभा घरभर पळत होती. आभाने मला चाटून बघितलं. आभाचे पुढचे दात पडले होते. आभाला दोन वेण्या होत्या. हे सगळं माझ्यापुरतं एका दुपारीत झालं, मधल्या संक्रांती एकमेकींना खेटून उभ्या. दर वेळी डोळा उघडला की नीराच्या केसांत थोडी राख पडलेली असते, आणि पडताना ती मी कधीच बघत नाही.

आज पुन्हा संक्रांत आहे. आज मला नीराने नाही, आभाने उठवलं. तिच्या वर्गातले तुम्ही सगळे माझ्याभोवती वाकून उभे आहात, कोणाच्या हातात तिळगूळ, कोणाच्या हातात फिरकी. म्हणून ही माझी कहाणी तुम्हाला सांगितली. माझी मोजणी काय सांगते ते तुम्ही मघाशी नीराच्या फोनवर वाचलंत आणि हसलात. ती मोजणी अजून जुनीच आहे: आत्या माझ्यासमोरून मोरीकडे गेली, त्याला माझ्या हिशेबाने अजून एक दिवससुद्धा झालेला नाही.

आत्याची खोली मला इथून दिसत नाही. ती खोकली, बोलली, काही ऐकू आलं नाही अजून. मी विचारू कोणाला?

नीराच स्वयंपाकघरातून म्हणतेय, नेहमी म्हणते तसं. “आभा, डबा बघून झाला असेल तर आत्याआजीला बघून ये. बाहेरून हाक मारून परत फिरू नकोस. दार लोट, आत जा, हाताला हात लाव.”

मित्रांनो, तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, समोरच्या दारात, गल्लीच्या टोकाला कोणीतरी असेल. त्यांच्या नावापुढे तुमच्या फोनवर लिहिलेलं असेल, आत्ताच दिसले, पाच मिनिटांपूर्वी होते. त्या आकड्यावर जाऊ नका. तो कोणी, कसा मोजला, तुम्हाला ठाऊक नाही. उठा आणि बघून या. माझी कहाणी अर्धी राहिली तरी चालेल. तुम्ही परत यायला कितीही उशीर केलात, तरी माझ्यासाठी तो एक निमिष असेल.

तिथे वाट बघणाऱ्या माणसासाठी तो तेवढा नसेल.